पहिल्या सिझेरियननंतर कळा आणाव्यात काय?

एकदा शस्त्रक्रियेने बाळंतपण झाले की पुढचे प्रत्येक बाळंतपण शस्त्रक्रियेनेच व्हावयाचे, अशी समजूत आपल्याकडे खेड्यापाड्यांत आणि शहरांतही सारखीच रुजलेली आहे. या समजुतीला वैद्यकशास्त्राचाही एके काळी आधार होता. न्यू यॉर्कचे प्रसूतितज्ज्ञ एडविन क्रॅगिन यांनी १९१६ साली, एकदा सिझेरियन झाले की ते कायमचेच, अशा अर्थाचे विधान केले. त्यांचा रोख खरे म्हणजे पहिलेच सिझेरियन विनाकारण करू नका, असे सांगण्याकडे होता. परंतु सांगण्याचा हेतू मागे पडला आणि वाक्य तेवढे नियम म्हणून जगभर पसरले.

महाराष्ट्राच्या दृष्टीने हा प्रश्न आता थोड्यांचा राहिलेला नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१५-१६ मध्ये राज्यातील २०.१ टक्के बाळंतपणे सिझेरियनने झाली होती. २०१९-२१ च्या पाहणीत हे प्रमाण २५.४ टक्क्यांवर गेले. म्हणजेच दर चार बाळंतपणांपैकी एक शस्त्रक्रियेने होते. यांपैकी असंख्य स्त्रिया पुन्हा गरोदर राहतात आणि त्यांच्यापुढे प्रश्न उभा राहतो : या खेपेस नैसर्गिक प्रसूती होईल काय? आणि दिवस भरूनही कळा आल्या नाहीत, तर औषधाने त्या आणाव्यात काय?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सरसकट 'होय' असे नाही आणि 'नाही' असेही नाही. ते तीन गोष्टींवर अवलंबून असते : गर्भाशयावरील जुना व्रण कोणत्या प्रकारचा आहे, कळा कोणत्या साधनाने आणल्या जातात, आणि ते काम कोणत्या ठिकाणी होते. या तिन्ही गोष्टींची माहिती गरोदर स्त्रीला आणि तिच्या घरच्यांना असेल, तर मोठा धोका टाळता येतो.

व्रण कोठे आहे?

क्रॅगिन यांच्या काळात गर्भाशयाच्या वरच्या, जाड भागावर उभा छेद घेण्याची पद्धत होती. प्रसूतीच्या वेळी हाच भाग जोराने आकुंचन पावतो. साहजिकच तेथील जुना व्रण पुढच्या खेपेस फाटण्याची भीती मोठी असे. पुढे १९२० च्या दशकात ग्लासगो येथील मन्रो केर यांनी गर्भाशयाच्या खालच्या, पातळ भागावर आडवा छेद घेण्याच्या पद्धतीचा पुरस्कार केला. हा भाग कळांच्या वेळी आकुंचन पावण्याऐवजी ताणला जातो; तेथील जखम चांगली भरते आणि ताणही बऱ्यापैकी सहन करते. आज बहुसंख्य सिझेरियन याच पद्धतीने होतात आणि म्हणूनच पुढच्या खेपेस नैसर्गिक प्रसूतीचा विचार करणे शक्य झाले आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. पोटाच्या कातडीवरील व्रण आडवा आहे म्हणून गर्भाशयावरील व्रणही आडवाच असेल, असे म्हणता येत नाही. दोन्ही छेद वेगवेगळे असतात. बाळ फार अपुऱ्या दिवसांचे असेल, आडवे असेल किंवा वार खालच्या भागात असेल, तर शस्त्रवैद्याला कधीकधी गर्भाशयाच्या वरच्या भागावर उभा छेद घ्यावा लागतो. असा व्रण कळांमध्ये फाटण्याची शक्यता शंभरात चार ते नऊ इतकी मानली जाते. त्या स्त्रीला कळा आणणे तर दूरच, कळा येऊ देणेही योग्य नव्हे. तिच्यासाठी ठरवून केलेले सिझेरियनच सुरक्षित होय. पूर्वी गर्भाशय फाटलेले असल्यासही हाच नियम लागू पडतो.

हा भेद बाहेरून तपासून कळत नाही. तो पहिल्या शस्त्रक्रियेच्या कागदावर लिहिलेला असतो. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी होते, दुसरे पुष्कळदा सासरी. आणि पहिल्या रुग्णालयातून मिळालेला कागद माहेरच्या पेटीत राहून जातो किंवा हरवतो. दुसऱ्या खेपेच्या डॉक्टरांना मग अंदाजाने निर्णय घ्यावा लागतो. घरातील जमिनीचा उतारा आपण जितक्या काळजीने जपतो, तितक्याच काळजीने हा कागद जपला पाहिजे.

नैसर्गिक प्रसूतीचा लाभ

जुना व्रण खालच्या भागात आडवा असेल आणि अन्य काही अडचण नसेल, तर नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न करणाऱ्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे सत्तर ते पंचाहत्तर जणींचा प्रयत्न यशस्वी होतो. जिची पूर्वी एकदा तरी नैसर्गिक प्रसूती झालेली आहे, तिच्या बाबतीत हे प्रमाण आणखी वाढून पंच्याऐंशी ते नव्वदपर्यंत जाते. पहिले सिझेरियन बाळ पायाळू असल्यामुळे झाले असेल आणि या खेपेस डोके खाली असेल, तरीही यशाची आशा अधिक असते. याउलट, आईचे वजन फार असणे, बाळ मोठे असणे, पहिल्या वेळी प्रसूती मध्येच अडून शस्त्रक्रिया करावी लागलेली असणे या गोष्टींनी ती कमी होते.

यश आले तर पोटावर दुसरी शस्त्रक्रिया होत नाही, आई लवकर हिंडू-फिरू लागते आणि पुढच्या गरोदरपणातील एक मोठे संकट टळते. प्रत्येक सिझेरियनबरोबर गर्भाशयावर नवा व्रण उमटतो. पुढच्या खेपेस वार खाली आणि नेमकी त्या व्रणावर रुजली, तर ती गर्भाशयात खोल घुसून बसण्याचा संभव असतो. अमेरिकेतील अनेक रुग्णालयांच्या २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, वार खाली असलेल्या स्त्रियांपैकी दुसरे सिझेरियन होत असलेल्यांमध्ये ११ टक्के, तर तिसरे होत असलेल्यांमध्ये ४० टक्के जणींच्या बाबतीत असे घडल्याचे आढळले. अशा वेळी होणारा रक्तस्राव भयंकर असतो आणि अनेकदा गर्भाशय काढून टाकावे लागते. ज्या कुटुंबाला आणखी मूल हवे आहे, त्याने याचा विचार करावयास हवा.

असे असले तरी दोन-दोन सिझेरियन झालेल्या, दोन गरोदरपणांत पुरेसे अंतर नसलेल्या किंवा वार खाली असलेल्या स्त्रियांच्या बाबतीत निर्णय तज्ज्ञानेच घ्यावयाचा असतो. मागील सिझेरियन आणि पुढील प्रसूती यांत अठरा महिन्यांहून कमी अंतर असेल, तर व्रण फाटण्याचा धोका वाढतो. पहिल्या बाळंतपणानंतर कुटुंबनियोजनाचे साधन वापरणे हे व्रणाला भरून येण्यास अवधी देण्यासारखेच आहे.

कळा आणण्याची वेळ का येते?

नैसर्गिक प्रसूतीचा बेत ठरला आणि कळा आपोआप आल्या, तर उत्तमच. परंतु प्रत्येक वेळी तसे होत नाही. कधी एक्केचाळीस आठवडे उलटून जातात. कधी पाणमोट फुटते, पण कळा येत नाहीत. कधी आईचा रक्तदाब चढतो, मधुमेह आवरत नाही किंवा बाळाची वाढ खुंटते. अशा वेळी वाट पाहण्यातच धोका असतो. तेव्हा तीन मार्ग उरतात : देखरेखीखाली आणखी थोडी वाट पाहणे, कळा आणणे, किंवा सिझेरियन करणे.

या तिन्हींची तुलना करताना एक गफलत नेहमी होते. कळा आणलेल्या स्त्रीची तुलना आपोआप कळा आलेल्या स्त्रीशी केली जाते. पण आपोआप येणाऱ्या कळा कोणाला मागून मिळत नाहीत. डॉक्टरांपुढे त्या दिवशी असलेला पर्याय 'आपोआप कळा' हा नसून 'वाट पाहणे' हा असतो. वाट पाहताना कळा येतीलही. पण रक्तदाब वाढेल किंवा बाळ दमेल, हेही संभवते. म्हणून कारण किती निकडीचे आहे, हे आधी पाहावे लागते. निकड नसताना केवळ सोयीसाठी, मुहूर्तासाठी किंवा पाहुणे परत जावयाचे आहेत म्हणून व्रण असलेल्या गर्भाशयात कळा आणणे हे सर्वथा अयोग्य होय.

आकडे काय सांगतात?

अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात पहिले बाळंतपण सिझेरियनने झालेल्या २०,०९५ स्त्रियांच्या दुसऱ्या प्रसूतीचा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. कळांपूर्वीच सिझेरियन केलेल्या दर हजार स्त्रियांमागे १.६ जणींचे गर्भाशय फाटले. कळा आपोआप आलेल्यांमध्ये हे प्रमाण हजारी ५.२ होते. प्रोस्टाग्लँडिन न वापरता कळा आणलेल्यांमध्ये ते ७.७ झाले, तर प्रोस्टाग्लँडिन वापरलेल्यांमध्ये २४.५ पर्यंत चढले.

याच देशातील १९ रुग्णालयांचा याहून मोठा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात १७,८९८ स्त्रियांनी नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न केला होता आणि ७३.४ टक्के यशस्वी झाल्या होत्या. गर्भाशय फाटण्याचे एकूण प्रमाण ०.७ टक्के, आपोआप कळा आलेल्यांत ०.४ टक्के आणि कळा आणलेल्यांत १ टक्का आढळले. या प्रयत्नात पूर्ण दिवसांच्या १२ बालकांच्या मेंदूला प्राणवायूच्या अभावाने इजा झाली. ठरवून सिझेरियन केलेल्यांत अशी एकही घटना घडली नाही.

या आकड्यांचा अर्थ दोन्ही बाजूंनी समजून घ्यावयास हवा. कळा आणल्यास धोका सुमारे दुपटीने वाढतो, हे खरे. परंतु शंभरातील नव्व्याण्णव स्त्रियांचे गर्भाशय फाटत नाही, हेही तितकेच खरे. मात्र जिच्या वाट्याला तो शंभरावा प्रसंग येतो, तिच्यासाठी आणि तिच्या बाळासाठी मिनिटामिनिटाला मोल असते. कळा आणल्यास यशाचे प्रमाणही थोडे उतरते, ही गोष्ट स्त्रीला आधी सांगितली पाहिजे.

कोणती साधने योग्य, कोणती अयोग्य?

कळा आणण्यापूर्वी गर्भाशयाचे तोंड कितपत मऊ झाले आहे, किती उघडले आहे आणि बाळाचे डोके किती उतरले आहे, हे तपासून गुण दिले जातात. एडवर्ड बिशप यांनी १९६४ साली सुचविलेली ही गुणपद्धती आजही सर्वत्र वापरात आहे. गुण चांगले असतील, तर काम सोपे. तोंड घट्ट व बंद असेल, तर आधी ते मऊ करावे लागते.

यासाठी व्रण असलेल्या गर्भाशयात फुग्याची नळी हे साधन अधिक सुरक्षित मानले जाते. फोलीची नळी या नावाने ती प्रत्येक रुग्णालयात परिचित आहे. ती गर्भाशयाच्या तोंडातून आत सरकवून तिच्या टोकाचा फुगा निर्जंतुक पाण्याने फुगवितात. फुग्याच्या दाबाने तोंड हळूहळू उघडते. यात औषधाचा अंश नसल्यामुळे कळांचा अतिरेक होण्याचा संभव कमी असतो, आणि गरज पडल्यास नळी तत्काळ काढून घेता येते.

तोंड उघडू लागल्यावर पाणमोट फोडणे आणि आवश्यक वाटल्यास ऑक्सिटोसिन देणे, ही पुढची पायरी होय. ऑक्सिटोसिन हे मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून शरीरातच स्रवणारे द्रव्य आहे. व्हिन्सेंट द्यू विन्यो यांनी १९५३ साली ते प्रयोगशाळेत तयार केले आणि १९५५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हे औषध सलाईनमधून, मोजून, अत्यल्प मात्रेने सुरू करून हळूहळू वाढवावयाचे असते. मात्रा वाढेल तसा व्रणावरील ताण वाढतो. म्हणून कळा पुरेशा झाल्या की मात्रा वाढविणे थांबवितात.

बाळंतपणापूर्वी कळांचे इंजेक्शन म्हणून हेच औषध दंडात किंवा कमरेत टोचण्याची जी रीत काही ठिकाणी आढळते, ती कोणत्याही गरोदर स्त्रीसाठी घातक आहे. व्रण असलेल्या स्त्रीसाठी तर ती प्राणघातक ठरू शकते. एकदा टोचलेले औषध परत घेता येत नाही आणि त्याची मात्राही कमी करता येत नाही. बाळ जन्मल्यानंतर रक्तस्राव रोखण्यासाठी हेच इंजेक्शन देतात. तो उपयोग वेगळा आणि योग्य आहे.

प्रोस्टाग्लँडिन या वर्गातील औषधे गर्भाशयाच्या तोंडातील तंतू सैल करून ते मऊ करतात. जे द्रव्य तेथील तंतू सैल करते, ते जुन्या व्रणाचे तंतूही सैल करीत असावे, असे अनेक तज्ज्ञांना वाटते. काही देशांत या वर्गातील जेल व्रण असलेल्या स्त्रियांसाठी मोठ्या सावधगिरीने वापरले जाते. परंतु याच वर्गातील मिसोप्रोस्टॉल या गोळीबाबत कसलाही संदेह ठेवू नये. अमेरिकेत १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ही गोळी दिलेल्या १७ स्त्रियांपैकी दोघींचा जुना व्रण फाटला आणि चाचणी मध्येच थांबवावी लागली. दिवस भरत आलेल्या व व्रण असलेल्या स्त्रीला कळा आणण्यासाठी ही गोळी देऊ नये, असा अमेरिकेतील प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेचा स्पष्ट निर्वाळा आहे. ही गोळी स्वस्त असते, फ्रिजमध्ये ठेवावी लागत नाही आणि बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावात तिने अनेक मातांचे प्राण वाचविले आहेत. नेमक्या याच कारणांमुळे ती हाताशी असते आणि म्हणूनच अधिक सावध राहावयास हवे.

ठिकाण कोणते असावे?

व्रण फाटू लागल्याचे पहिले लक्षण पुष्कळदा बाळाच्या ठोक्यांत दिसते. ठोके अचानक मंदावतात. त्याखेरीज दोन कळांच्या मधल्या वेळेतही पोट दुखत राहणे, जुन्या व्रणाच्या जागी वेदना, अंगावर रक्त जाणे, आईची नाडी जलद होणे, चालू असलेल्या कळा एकाएकी थांबणे, उतरलेले डोके पुन्हा वर सरकणे, ही लक्षणे असू शकतात. यांपैकी काहीही आढळताच तत्काळ शस्त्रक्रिया करावी लागते.

त्यामुळे व्रण असलेल्या स्त्रीला कळा आणण्याचे काम तेथेच करावे, जेथे बाळाच्या ठोक्यांची नोंद सतत ठेवता येते, जेथे शस्त्रक्रियागृह, शस्त्रवैद्य, भूलतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ रात्रंदिवस उपलब्ध आहेत आणि रक्त मिळू शकते. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा लहान प्रसूतिगृहात हे काम करणे योग्य नव्हे. तेथील कर्मचाऱ्यांचे कर्तव्य आहे ते वेळीच ओळखून पुढे पाठविण्याचे.

कुटुंबाने काय करावे?

गरोदरपणाची नोंद पहिल्या तीन महिन्यांतच करावी. त्या काळातील सोनोग्राफीने दिवसांचा हिशेब पक्का होतो; आणि हिशेब चुकला तर दिवस उलटले असे समजून विनाकारण कळा आणल्या जाण्याचा धोका असतो. पहिल्या शस्त्रक्रियेचा कागद मिळवून तो प्रत्येक तपासणीला बरोबर न्यावा. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य संस्थांत गरोदर स्त्रियांची विनामूल्य तपासणी केली जाते. आपल्यापुढील पर्याय कोणते, हे तेथे विचारून घ्यावे.

नवव्या महिन्याच्या आधीच बाळंतपणाचे ठिकाण ठरवावे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार २०११ पासून सरकारी रुग्णालयांत नैसर्गिक प्रसूती असो वा सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त आणि ने-आण यांचा खर्च कुटुंबाला करावा लागत नाही. तातडीच्या वेळी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलाविता येते. घर जिल्हा रुग्णालयापासून दूर असेल, तर दिवस भरत येताच जवळच्या नातेवाइकांकडे येऊन राहणे शहाणपणाचे ठरते.

कळा आणण्याचा सल्ला मिळाला, तर डॉक्टरांना चार प्रश्न अवश्य विचारावेत : कळा आणण्याचे कारण काय? कोणते साधन वापरणार? तातडीची शस्त्रक्रिया येथेच आणि लगेच होऊ शकेल काय? आणि प्रयत्न कोणत्या टप्प्यावर थांबविणार? या प्रश्नांत अविश्वास नाही. उत्तरे समाधानकारक असतील, तर स्त्रीने निर्धास्तपणे प्रयत्न करावा. नसतील, तर अधिक सोयीच्या ठिकाणी जाण्यास संकोच करू नये.

आणि प्रयत्न करूनही अखेर सिझेरियन करावे लागले, तर त्यात त्या स्त्रीचा कसलाही कमीपणा नाही, हे घरातील वडीलधाऱ्यांनी आवर्जून लक्षात ठेवावे. वेळेवर केलेली शस्त्रक्रिया हेही यशच होय. बाळंतपण कोणत्या वाटेने झाले यापेक्षा माता आणि मूल दोघेही सुखरूप घरी परतले, याला अधिक महत्त्व आहे.